दाबलेली हाक

१

चिखलीच्या बाजार समितीमागे एक बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी आहे. तिच्या जुन्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर 'रेडिओ बांध' चालतो. आसपासच्या गावांपुरतं छोटंसं केंद्र. बाजारभाव, हवामान, बायकांचे कार्यक्रम, भजनं, भीमगीतं, असं सगळं दिवसभर सुरू असतं. आवाजाची बाजू सांभाळायला रेणुका होती. अमडापूरची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून इथे लागली आणि रमली. सकाळी आली की आधी मिक्सरवरची धूळ पुसायची, माइक तपासायचे, मग चहा. फॅक्टरी बंद होऊन वर्षं झाली, तरी कापसाचे तंतू कुठून यायचे कोण जाणे, रोज फडक्याला चिकटलेले असायचेच.

पावसाळा सरता सरता एके दिवशी लाइट गेली आणि परत आली ती अशी काही जोरात, की केंद्राचा लिमिटर जळाला. लिमिटर म्हणजे आवाजाला लगाम घालणारी पेटी. बोलणारा मधेच ओरडला, हसला, टेबलावर हात आपटला, की ती चढलेला आवाज झटक्यात दाबून बरोबरीत आणते. तिच्याशिवाय ट्रान्समीटर चालवणं म्हणजे बिनब्रेकच्या ट्रॅक्टरवर बसणं. नवी पेटी पुण्याहून यायला महिनाभर लागणार होता.

"अमडापूरच्या पुंजाजी साहेबाले विचारून पाहतो," केंद्राचे व्यवस्थापक गजेंद्र म्हणाले. "रेडिओतून रिटायर झालेला माणूस. त्यायच्या घरी असलं जुनं-पानं बम पडलं हाय."

पुंजाजी फोनवर लगेच हो म्हणाले. दुसऱ्याच दिवशी जीप करून स्वतः ती पेटी घेऊन आले. राखाडी लोखंडाची, व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जमान्यातली, दोघांनी उचलावी अशी जड. पुढे अर्ध्या चंद्रासारखं मोठं मीटर आणि त्यात एक बारीक काळा काटा. काटा उजवीकडे उभा असला की पेटी निवांत. आवाज चढला की काटा डावीकडे पडायचा. जितका दाब, तितका जास्त पडायचा.

तारा जोडून झाल्या, व्हॉल्व्ह तापले, नारंगी उजेड मीटरच्या काचेमागे झिरपला. बायकांचा कार्यक्रम करणाऱ्या पुष्पांजलीने माइकवर 'नमस्कार बायांनो' म्हटलं आणि रेणुकाच्या अंगावर काटाच आला. आवाज कसा भरलेला, ऊबदार! जणू कुणी शेजारी बसून बोलतंय.

"काका, किती सुंदर चालतं हो हे!"

पुंजाजी दाराकडे तोंड करून उभे होते. पेटी चालू झाल्यापासून त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"वापरा," ते म्हणाले. "वापस कराची घाई नाई."

चहा पुढे केला तर तोही न घेता जिना उतरून गेले. एवढी जपून ठेवलेली वस्तू, आणि निरोप घेताना माणूस साधा हातही लावत नाही तिला? रेणुकाला ते खटकलं.

२

पुष्पांजलीचा 'दुपारच्या गोष्टी' हा कार्यक्रम थेट चालायचा. काचेपलीकडे ती, अलीकडे रेणुका. पुष्पांजली बोलायची हळू. तिच्या आवाजाला लगामाची गरजच नसायची. काटा उजवीकडे उभा असायचा, क्वचित थरथरायचा.

त्या दुपारी ती कैरीच्या साठवणीची काही गोष्ट सांगत होती. सांगता सांगता थांबली. पाणी प्यायला थांबावं इतकंच. आणि त्या थांबण्यात काटा धाडकन डावीकडे पडला.

ती पुन्हा बोलू लागली. काटा परत उभा.

रेणुकाने हेडफोन कानावर घट्ट दाबला. पुढच्या थांब्याला पुन्हा तेच. पुष्पांजली गप्प, कानात शांतता, आणि काटा मात्र असा पडलेला, की माइकसमोर कुणीतरी जीव तोडून ओरडतंय असं वाटावं.

व्हॉल्व्ह म्हातारा झाला असेल, तिने स्वतःशी म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर तिने माइकची तार काढली. काटा उभा. तार लावली, खोलीत कुणी नाही, माइक उघडा ठेवला, काटा पडला. मग तिला आठवलं, माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत असे खोल आवाजही असतात. एखादा जड ट्रक, कुठलीशी मोटर. तिने मिक्सरवर खालचे सगळे सूर कापून टाकले. पंखा बंद केला. खिडकीतून डोकावून पाहिलं. रस्त्यावर एक बैलगाडी आणि झोपलेलं कुत्रं.

काटा पडलेलाच होता. मग हळूहळू वर आला, जसं बोलून झाल्यावर माणूस श्वास घेतो तसा.

रेणुकाने माइक बंद केला. त्या खोलीत पुन्हा जायच्या आधी तिने दोन्ही दारं उघडी ठेवली, आणि त्याबद्दल स्वतःवरच हसली.

३

साखरखेर्ड्याहून झुंबरबाई आली ती फाटकापासूनच ओरडत. उंच, रुंद हाडाची, पदर कमरेला खोचलेला. तिचा आवाज असा, की चार शेतं ओलांडून जावा.

"कोनी हाय का व वरतं? आली बाप्पा मी! काऊन बोलावलं?"

गजेंद्र खाली धावले. रेणुका जिन्यावर आली. बोलावलं कुणीच नव्हतं.

"असं कसं?" झुंबरबाई चिडली. "काल दुपारी रेडिओवर माह्यं नाव घेऊन आवाज देल्ला ना! झुंबर, ये म्हून. मी भाकरी तव्यावर ठेवून रेडिओपाशी गेली."

"पुष्पांजलीताईंनी नाव घेतलं तुमचं?"

"तिचा आवाज मी वळखतो. तिचा नव्हता." झुंबरबाई रेणुकाकडे पाहू लागली. बराच वेळ. मग म्हणाली, "तुहाच व्हता."

रेणुका आयुष्यात एकदाही माइकवर बोललेली नव्हती. तिने बाईला वर नेलं, कालचं रेकॉर्डिंग लावून दाखवलं. त्या जागी फक्त पुष्पांजलीचा थांबा होता. झुंबरबाईने मात्र मान डोलावली आणि स्टुडिओच्या बंद दाराकडे पाहत, सवयीने हाकेला उत्तर द्यावं तशी म्हणाली, "ओ. आली ना."

मग ती गपगुमान खाली उतरली. रेणुका खिडकीतून पाहत होती. साखरखेर्ड्याची जीप फाटकासमोरून निघत होती. झुंबरबाईने हात वर केला. "थांब," एवढंच म्हणाली, शेजारच्याला मीठ मागावं तशा आवाजात. जीप निघून गेली. बाई हात तसाच वर धरून उभी राहिली. तिने पुन्हा म्हटलं, "थांब." तितक्याच आवाजात.

४

त्यानंतर बायका येतच राहिल्या. कधी दोघी, कधी पाच-सहा. मेरा, उंद्री, मलगी, कुठून कुठून. प्रत्येकीचं म्हणणं एकच, आवाज देल्ला म्हून आलो. वर येऊन स्टुडिओच्या दाराशी उभ्या राहायच्या, 'ओ' म्हणायच्या आणि उतरून जायच्या.

रेणुकाला वाटलं, गजेंद्रभाऊंचं हे काहीतरी प्रसिद्धीचं नाटक आहे. ऐकणाऱ्यांचे फोन वाढले होते, ते खुशीत होते. पुष्पांजली त्यांना सामील असणार. नाहीतर ती कार्यक्रमात हल्ली इतकी थांबते कशाला? सुरुवातीला घोटभर पाण्याइतकी थांबायची. आता ऐकणाऱ्याला रेडिओ बिघडला वाटावं इतकी.

एका दुपारी कार्यक्रम संपताच रेणुकाने तिला गाठलं.

"ताई, खरं सांगा. तुम्ही मधे मधे थांबता काऊन?"

पुष्पांजली चकित झाली. "मी थांबतो? अवं, तूच त म्हनतं."

"काय?"

"थांब म्हून. कानात." काचेपलीकडच्या माणसाच्या हेडफोनमध्ये बोलायचं एक बटन रेणुकाच्या टेबलावर होतं, पुष्पांजलीने त्याच्याकडे बोट दाखवलं. "तू म्हनतं, ताई, जरा थांबा, मी बोलतो. मग मी थांबतो. मले वाटे, गजेंद्रभाऊनं तुले सांगतलं असन."

"मी त्या बटनाला हातही लावत नाही, ताई."

"मंग रोज कोन बोलते माह्या कानात?"

पुष्पांजलीच्या डोळ्यांत जे होतं ते रेणुकाने ओळखलं. तोच संशय इतके दिवस तिच्या स्वतःच्या डोळ्यांत होता. फक्त आता तो तिच्यावर रोखलेला होता.

संध्याकाळी गजेंद्रभाऊंनीही दार लोटून घेतलं. "रेणुका, तुले माइकवर बोलाचं असन त सरळ सांग. कार्यक्रम देतो तुले. पण असं चोरून..."

"मी बोलले नाही!"

"पंधरा-वीस बाया खोट्या बोलून राह्यल्या का? समद्या तुह्याच आवाजाचं सांगते."

त्या दिवशी चिखलीतल्या आपल्या खोलीवर जाताना ती मनात आपला दिवस पुन्हा पुन्हा चाळत होती. मी बोलले असेन का? बटनावर बोट गेलं असेल, ओठ हलले असतील, आणि मला कळलं नसेल? स्वतःच्या तोंडाची खात्री देता येऊ नये, यासारखं वाईट काही नसतं.

५

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती अमडापूरला पुंजाजींकडे गेली. मिक्सरवरची तिची जागा गजेंद्रभाऊंनी सांभाळली.

पुंजाजी अंगणात चवळीच्या शेंगा सोलत बसले होते. तिला पाहून दचकले नाहीत.

"कोनाचा आवाज ऐकू येते लोकायले?" त्यांनी सरळ विचारलं.

"माझा," रेणुका म्हणाली.

त्यांनी मान खाली घातली. "आमच्या वेळी माहा होता. जो काट्यापुढे बसते, त्याचा."

"काका, तुम्हाला माहीत होतं! आणि तरी आम्हाला दिलंत?"

"घरात ठेवून काय करू? रिटायर झालो तवा भंगारात निघालं होतं ते. मीच मागून आनलं. वाटलं, घरी कोन बोलते त्याच्यात. एक दिवस हौसेनं जोडून पाह्यलं." ते थांबले. घरातून त्यांची बायको वच्छलाबाई चहा घेऊन आली होती.

"घ्या," ती म्हणाली. "साखर कमी असन."

बोलणं गोड, चेहरा गोड. तरी रेणुकाला काहीतरी वावगं वाटलं आणि काय ते कळेना. तेवढ्यात गोठ्यातलं वासरू दावं तोडून सुटलं आणि परसातून सरळ रस्त्याकडे धावत सुटलं. पलीकडून ट्रक येत होता. वच्छलाबाई त्याच्याकडे पाहत होती.

"वासरू सुटलं," ती म्हणाली. साखर कमी असेल म्हणाली होती, अगदी त्याच आवाजात. तिचे डोळे मात्र फाटले होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, दोन्ही हात वर गेले होते. सगळं अंग ओरडत होतं. "धरा. त्याले धरा."

पुंजाजी उठून धावले. वासरू सापडलं. परत येऊन त्यांनी ते खुंट्याला बांधलं.

"त्या दिवशी हिनं मले 'ओ' देल्ली," ते म्हणाले. "मी हाक मारलीच नव्हती. तवापासून हिचा आवाज चढत नाई."

रेणुकाचा चहा तसाच राहिला. तिला जीपमागे हात वर करून उभी असलेली झुंबरबाई आठवली. "बंद करून टाकलं तर, काका?"

"मी बंद केलं ते इथं, एकटी ती असताना. तिथं इतक्या बाया..." त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "पोरी, काटा पडते म्हंजे ते काहीतरी दाबून धरून राह्यलं. बायायले जे ऐकू येते, ते दाबून उरलेलं. न दाबलेलं कसं असन, हे पाहाची माही कधी छाती झाली नाई."

६

इथवर आलोच आहोत तर आईला भेटून जावं, म्हणून ती बौद्धवाड्याकडे वळली. आईच्या, तानाबाईच्या दाराला कुलूप. आत रेडिओ चालू राहिलेला. दाराआडून पुष्पांजलीचा आवाज येत होता. मग तो थांबला.

शेजारची छाया धुणं वाळत घालत होती.

"माय कुठं गेली गं?"

"जय भीम. तू इथं कशी?" छाया गोंधळली. "मावशी त तुह्याकडेच गेली ना चिखलीले. तूच रेडिओवर आवाज देल्ला. माय, ये म्हून. मीबी ऐकला. घाईघाईनं निंघाली, रेडिओबी बंद नाई केला."

"कधी?"

"हेच आत्ता. तू... तू इथं हायस, मंग तिथं कोन बोलून राह्यलं?"

रेणुकाला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे मी नाही. मी इथे आहे, आणि आवाज तिथे आहे; मी वेडी नाही. पण तो आनंद चौकापर्यंतही टिकला नाही. आईचा फोन लागत नव्हता. तिने समोर आलेली पहिली जीप पकडली आणि वाटभर ड्रायव्हरला 'दादा, जरा हाणा' म्हणत राहिली.

७

जिनिंगचं आवार बायकांनी भरलं होतं. रांगेने बसल्या होत्या, जेवणाच्या पंगतीला बसावं तशा. आवाज कसलाच नाही. सगळ्यांचे चेहरे वरच्या खिडकीकडे.

तानाबाई नुकतीच फाटकातून आत शिरली होती. रेणुकाने धावत जाऊन तिचे खांदे धरले.

"माय! बोलली का तू कोनाशी? ओ देल्ली का?"

"अवं, काय झालं? मी त आत्ता येऊन राह्यली." तानाबाईचा आवाज ठणठणीत होता. जयंतीला भोंग्याशिवाय गाणारी बाई ती. रेणुकाला रडूच कोसळलं. "चल, घरी जाऊ आपण."

"थांब. वरतून आवाज देऊन राह्यली ना तू."

"माय, मी इथं आहे. तुझ्यापुढं."

तानाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. "हाव," ती चाचरत म्हणाली. "अन् वरतंबी हायस." तिचे ओठ गोल होऊ लागले.

रेणुकाने तिच्या तोंडावर हात दाबला. "माझी शपथ आहे. काही झालं तरी ओ देऊ नको. मी येते." आणि ती जिना चढत सुटली.

गजेंद्रभाऊ टेबलाशी बसले होते, पांढरेफटक. "बटन दबत नाई," ते म्हणाले. "माइक बंदच नाई होऊन राह्यला." काटा डाव्या टोकाला टेकून थरथरत होता, त्याला आणखी जागा असती तर आणखी गेला असता. काचेपलीकडे पुष्पांजली ओठ मिटून, समोरच्या पाहुण्याच्या खुर्चीकडे एकटक पाहत होती.

पुंजाजींचं बोलणं रेणुकाच्या कानात होतं. पण खाली तिची माय उभी होती. तिने पेटीच्या मागे हात घालून वायर उपसून काढली.

व्हॉल्व्ह एकदम विझत नाहीत. नारंगी उजेड हळूहळू लाल झाला, लाल हळूहळू काळा. त्याबरोबर काटा वर सरकू लागला, थकलेल्या माणसाची पकड सुटावी तसा. काच झणझणली. टेबलावरच्या पेन्सिली घरंगळल्या. आवाज मात्र नव्हता. कानाला लागेल असं काहीच नव्हतं. आणि त्या शेवटच्या लाल उजेडात रेणुकाला दिसलं, की पाहुण्याची खुर्ची रिकामी नाही. इकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं. एक वेणी. निळा कुडता, आज सकाळी रेणुकाने घातलेला तोच. वेणी हलली. डोकं वळायला लागलं.

उजेड विझला.

खालून, आवारातून, सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "ओ."

शेकडो गळे, आणि सगळ्यांचा मिळून एकच आवाज. ना चढा, ना पडका. गजेंद्रभाऊही म्हणाले. पुष्पांजलीचेही ओठ हलले.

मग सगळं थांबलं. स्टुडिओत पुष्पांजली एकटीच होती. खुर्ची रिकामी. खाली बायका उठून पदर झटकत होत्या, आता घरी जायचं असं एकमेकींना हळू सांगत होत्या. रेणुका जिना उतरली. मन हलकं झालं होतं. मेली ती पेटी. संपलं.

तानाबाई गर्दीतून टाचा उंचावून तिला शोधत होती. "रेणू!" तिने हाक मारली. तीच ठणठणीत, भरदार हाक. पलीकडच्या रस्त्यावरचे लोकही वळून पाहू लागले. मायने ओ दिली नव्हती. माय वाचली होती. रेणुकाने हात हलवला आणि आनंदाने, छाती फोडून ओरडली, "माय! मी इथं आहे!"

"मी इथं आहे," असं तिला ऐकू आलं. शेजारच्याला सांगावं तितकंच.

तिने पुन्हा श्वास भरला. गळ्याच्या शिरा ताणल्या. "माय." तेवढंच. तितकंच. वरती, तो उजेड विझताना, आपलेही ओठ गोल झाले होते हे तिला आत्ता आठवलं.

बायका त्या दोघींच्या मधून शांतपणे चालल्या होत्या. तानाबाई भलतीकडेच वळली होती, आणि कपाळावर हात धरून पुन्हा पुन्हा हाका मारत होती.

"रेणू! अवं रेणू! कुठं हायस? ओ दे ना व माय!"

"ओ," रेणुका म्हणत होती. "ओ. ओ."